भिंत रंगवण्याआधी विचारा, पाणी कुठवर आलं होतं?

नमस्कार. तुमचं गाव कृष्णाकाठचं. घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यालगतची दोनशे फुटांची भिंत नगरपालिकेने तुमच्या मंडळाला रंगवायला दिली आहे. हातात साठ हजार रुपये आहेत, दोन शाळांची मुलं आणि बचतगटाच्या बायका यायला तयार आहेत, आणि ५ जूनला, पर्यावरण दिनी, उद्घाटन करायचं ठरलं आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: विषय कोणता घ्यावा, लोकांना सामील कसं करावं, आणि मागच्या वेळेसारखं सहा महिन्यांत लोकांनी त्यावर थुंकू नये म्हणून काय करावं.

मी गेली बावीस वर्षं भिंती, घाट, शाळांची आवारं आणि पाणवठे इथे लोकांना सोबत घेऊन काम करते. त्यातून सांगते. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: त्या भिंतीने काय बोलायचं हे ठरवणार कोण? विषय मंडळाने ठरवला, आराखडा चित्रकाराने आखला आणि लोक नुसते रंग भरायला आले, तर त्याला लोकसहभाग म्हणता येत नाही. ती हौसेने केलेली बिनपगारी मजुरी होते. दिवस छान जातो, फोटो छान येतात आणि दुसऱ्या दिवसापासून ती भिंत पुन्हा नगरपालिकेची होते. नगरपालिकेच्या भिंतीवर थुंकायला कुणाला काही वाटत नाही.

हे मला एका आजींनी शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत मी अशाच एका नदीकाठच्या गावात मोठी भिंत केली होती. खाली निळं पाणी, त्यात मासे, कासव, वर हिरवी झाडं आणि पृथ्वीचा गोल. तीनशे मुलांनी रंग भरले. संध्याकाळी आवराआवर चालली होती तेव्हा शेजारच्या घरातल्या एक आजी बाहेर आल्या. बराच वेळ चित्र बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मासे इतक्या खाली का गं काढलेस? पाणी तर तिथं होतं." त्यांनी बोट दाखवलं ते भिंतीच्याही वर, विजेच्या खांबावरच्या पत्र्याच्या पेटीकडे. मी त्या गावात आठ दिवस होते आणि त्या आठ दिवसांत पाणी कुठवर आलं होतं हे मी एकालाही विचारलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मुलांनी रंगाचे डबे आणि ब्रश नदीतच धुतले, तेही माझ्या डोळ्यांदेखत. पुढच्या पावसाळ्यात ओलीने भिंतीवरचे ऑइलपेंटचे पापुद्रे सुटले आणि तेही नदीत गेले. नदी वाचवा असं लिहिलेल्या भिंतीने नदीला एवढंच दिलं.

म्हणून तुम्हाला विषय सुचवताना झाडं लावा, प्लास्टिक टाळा, पृथ्वी वाचवा यांतलं काही सुचवणार नाही. ही वाक्यं खोटी नाहीत, पण ती कुठल्याही गावातल्या भिंतीवर चालतात आणि म्हणूनच कुठल्याच गावाची नसतात. तुमच्या गावाला माहीत असलेली आणि तरीही रोज डोळ्यांसमोर नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे पुराच्या पाण्याची उंची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्याआधी २००५ चा पूर, नंतर २०२१ चा. तुमच्या गावातल्या चाळिशीच्या प्रत्येक माणसाच्या अंगावर या तीन तारखा आहेत. पण घरं पुन्हा रंगली, डाग झाकले गेले. जे मूल २०१९ ला तीन वर्षांचं होतं, त्याला पाणी कुठवर आलं होतं हे दाखवायला आज गावात एकही खूण नाही.

त्यात एक व्यवहाराची अडचणही आहे. पूर येतो तेव्हा प्रशासन आकडा सांगतं: पुलाजवळ इतके फूट. तो आकडा मोबाइलवर फिरतो. पण त्या आकड्याला माझ्या बोळात पाणी कुठे असेल हे माणसाला कळत नाही. मग तो शेवटच्या तासापर्यंत वाट बघतो, आणि मग गोठ्यातली जनावरं सोडायलाही वेळ राहत नाही. तुमच्या भिंतीने हा आकडा वाचता येईल असा केला, तर त्यापेक्षा मोठी जनजागृती मला तरी माहीत नाही.

रेषेची कल्पना माझी नाही. २००७ मध्ये ईव्ह मोशर या चित्रकर्तीने न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन आणि दक्षिण मॅनहॅटनमधून समुद्रसपाटीपासून दहा फूट उंचीवरून जाणारी रेषा ओढली. मैदानावर फक्की मारायचं असतं तसं यंत्र ढकलत ती महिनोन्‌महिने चालत राहिली. रेषा जवळजवळ ७० मैलांची झाली. खडूची रेषा, पावसाने जाणारी. पण कुणी थांबून विचारलं की हे काय चाललंय, की ती थांबायची आणि बोलायची: हवामान बदलतंय, समुद्र चढतोय, मोठ्या वादळात पाणी इथवर येऊ शकतं. खरं काम त्या बोलण्यात होतं, रेषा हे निमित्त. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात समुद्र शहरात घुसला तेव्हा त्या भागातला बराच परिसर पाण्याखाली गेला. तिला येणाऱ्या पाण्याची रेषा काढावी लागली होती. तुमच्याकडे येऊन गेलेल्या पाण्याची रेषा आहे आणि ती पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. पुण्यातही काही जुन्या इमारतींवर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या खुणा जपलेल्या आहेत. त्या खुणेसमोर उभं राहून मान वर केली की जे कळतं ते कुठल्याही पुस्तकातून कळत नाही.

आता पद्धत. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळं यावर उभं आहे.

५ जूनचा हट्ट या वर्षापुरता सोडा. जूनच्या पहिल्या आठवड्यात वळीव पडत असतो, भिंत ओली असते, आणि घाईत विषय नेहमी घोषणेवर येऊन थांबतो. काम दिवाळीत सुरू करा. आपल्याकडे मुलं दिवाळीत किल्ले करतात. मला विचाराल तर गल्लोगल्ली चालणारी याहून चांगली लोककला दुसरी नाही. शिकवावी लागत नाही, माती, दगड, पोती सगळं गावातलं, आणि थोरांना बाजूला उभं राहून सूचना केल्याशिवाय राहवत नाही. या वर्षी मुलांना सांगा, किल्ल्याऐवजी आपलं गाव करा. नदी, घाट, चढ, ओढे, बोळ, देऊळ, शाळा. मैदानात वीस फूट लांबीचं. उंचसखलपणा नीट यावा म्हणून मोठ्यांना बोलवा आणि मग वरून कळशीने हळूहळू पाणी सोडा.

हे मी चार ठिकाणी केलं आहे आणि चारही ठिकाणी पाणी सोडल्यावर भांडणं झाली. "इथं ओढा होता, तो बुजवून दुकानगाळे झाले." "पाणी नदीतनं नाही आलं, मागच्या नाल्यातनं फुगवटा आला." "वीटभट्टीवाल्यांनी मळीची माती नेली, काठ खचला." "सगळं अलमट्टी धरणामुळे." "अलमट्टीचं सोडा, ओतात घरं कुणी बांधली?" ही भांडणं मिटवायला जाऊ नका. एका वहीत उतरवून घ्या, कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं. भिंतीवर कुणाच्याही बाजूने निकाल द्यायचा नाही, पण माणसं नदीबद्दल, ओढ्याबद्दल, मातीबद्दल आपल्या अनुभवातून बोलू लागली आहेत, आणि पर्यावरणाची जाणीव मी तरी यालाच म्हणते. नदीकाठी वाळुंजाची झाडं होती, ती काठ धरून ठेवायची, हे मला चित्रकलेच्या कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. अशाच एका मातीच्या गावाभोवती उकिडवे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं.

त्या बैठकीला नगरपालिकेच्या सफाई कामगारांना आधी बोलवा आणि पुढे बसवा. गावाखालचा कुठला नाला कुठे तुंबतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. न्यूयॉर्कच्या कलाकार मिअर्ल लॅडरमन युकिलीस यांनी १९७९-८० मध्ये शहरातल्या सुमारे ८५०० सफाई कामगारांना एकेक भेटून हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. ती त्यांची कलाकृती होती. आपल्याकडे पर्यावरणाच्या कार्यक्रमात सफाई कामगार दिसतो तो कार्यक्रम संपल्यावर पत्रावळ्या उचलताना. हे बदललं पाहिजे.

दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत घरोघरी जायचं. तिघांचं पथक करा: एक शाळकरी मूल, बचतगटातली एक बाई आणि मंडळातलं एक जण. प्रश्न एकच, पाणी कुठवर आलं होतं? माणसं फुटांत सांगत नाहीत आणि त्यांनी तसं सांगावं असा आग्रह धरू नका. "देवळीपर्यंत", "मीटरच्या पेटीला टेकलं होतं", "फडताळाचा वरचा कप्पा तेवढा कोरडा", "तुळईला हात लागत होता होडीतनं". हीच खरी मापं. घरातल्या दोघांना वेगवेगळं विचारा, शेजाऱ्याला विचारा. तिघांचं जुळलं की तिथे खडूने खूण करा. जुळलं नाही तर दोन्ही खुणा करा आणि पुढच्या आठवड्यात परत जा. मधल्या दिवसांत त्या घरात त्यावर बोलणं झालेलं असतं आणि बहुधा उत्तर सापडलेलं असतं.

खूण एका घरावरून दुसरीकडे न्यायला गवंड्याची पाण्याची नळी वापरा. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना पातळी एक राहते, हे मुलांनी स्वतःच्या हाताने बघावं. शाळेतला विज्ञानाचा तास तिथे घ्यायला शिक्षक आनंदाने येतात असा माझा अनुभव आहे. मात्र एक लक्षात ठेवा. पुराचं पाणी डोळ्याला सपाट दिसलं तरी नदीच्या वाहत्या दिशेने त्याला उतार असतो. म्हणून एका बोळात, आडव्या दिशेने, नळीने पातळी नेणं ठीक. गावाच्या वरच्या टोकाची पातळी खालच्या टोकाला नेऊ नका. प्रत्येक भागाची खूण त्या भागातल्या माणसांकडूनच घ्या. ज्यांच्याकडे पाणी नाल्याच्या फुगवट्याने आलं त्यांचं गणित आणखी वेगळं असतं, ते तसं वेगळं लिहा.

आता तुमच्या भिंतीवर या. नळी लावून बघा की २०१९ चं पाणी भिंतीच्या कुठे होतं. दोन शक्यता आहेत. पाणी भिंतीच्या अर्ध्यावर होतं असं निघालं, तर त्या उंचीवर दोनशे फूट अखंड रेषा जाईल आणि तिच्या खाली २०२१ ची, २००५ ची, जी असेल ती. पाणी भिंतीच्याही वर होतं असं निघालं, तर अख्खी भिंत पाण्याखालची आहे हे मान्य करून ती तशीच रंगवा, आणि रेषेसाठी जवळचा खांब किंवा शाळेची भिंत शोधा. दोन्ही वेळेला भिंतीवर फूटपट्टी हवी. तुमच्या भागात पुराचा आकडा ज्या पुलाचा किंवा बंधाऱ्याचा सांगतात, त्याचा आकडा भिंतीवर यायला हवा: तिथे अमुक फूट असताना इथे पाणी इथवर होतं. हा ताळमेळ जुळवायला जलसंपदा खात्याच्या स्थानिक कार्यालयात जा. तारखेनुसार नोंदी असतात. गावातल्या लोकांनी त्या दिवसांत काढलेले मोबाइलवरचे फोटोही जमवा, फोटोवर तारीख आणि वेळ असते, त्यांनी फार मदत होते. तरीही लिहिताना "सुमारे" लिहा. प्रत्येक पूर सारखा वागत नाही आणि भिंतीवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबून कुणाचा जीव धोक्यात येता कामा नये.

चित्रं कसली? लोकांनी सांगितलेल्या वस्तूंची, त्या वस्तू ज्या उंचीवर होत्या त्याच उंचीवर. गव्हाणीच्या उंचीला गव्हाण, मीटरच्या उंचीला मीटर, देव्हाऱ्याच्या उंचीला देव्हारा, वर तुळईला बांधलेलं लग्नातलं ट्रंकेतलं पातळ. प्रत्येक घराला भिंतीवर हातभर जागा, आणि त्या घरातल्याच कुणीतरी ते काढायचं. काढता येत नसेल तर बचतगटातल्या रांगोळी काढणाऱ्या बायका हात धरतील. चित्र ओबडधोबड असू दे. चित्रकाराला सांगा की तुझं काम रेषा सरळ ठेवण्याचं आणि रंग टिकवण्याचं, दुसऱ्याची गाय सुधारून देण्याचं नाही. हा मोह आम्हा चित्रकारांना फार होतो.

ज्या घराने अजून सांगितलेलं नाही, त्या घराची जागा कोरी ठेवा. हे मी जर्मनीतल्या कासेल शहरातल्या एका कामावरून शिकले. १९८२ मध्ये कलाकार योझेफ बॉईस यांनी तिथल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनाच्या वेळी संग्रहालयासमोरच्या हिरवळीवर बसाल्टचे सात हजार खांब आणून टाकले. बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणच. अट अशी की एक झाड लागेल तेव्हाच एक दगड ढिगातून हलेल आणि त्या झाडाशेजारी उभा राहील. झाडं कुठे लावायची हे शाळांनी, रहिवाशांनी, मंडळांनी सुचवायचं. लोकांनी त्या ढिगाला नावं ठेवली, पण ढीग तिथेच होता आणि किती काम उरलंय ते रोज दिसत होतं. पाच वर्षं लागली. मधेच, जानेवारी १९८६ मध्ये, बॉईस वारले. शेवटचं झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावलं. आज ती झाडं मोठी झाली आहेत आणि दगड त्यांच्यापुढे बुटके दिसतात. तुमच्या भिंतीवरच्या कोऱ्या जागा त्या ढिगासारख्या काम करतील. एका गावात एक गृहस्थ सुरुवातीला दारही उघडत नव्हते. त्यांचं नुकसान नुसतं सामानाचं नव्हतं. आम्ही त्यांना पुन्हा विचारलं नाही, फक्त जागा ठेवली. दुसऱ्या वर्षी रंगाचं काम चालू असताना ते स्वतः आले आणि ब्रश मागितला. काय काढलं ते मी इथे सांगणार नाही, पण म्हणून सांगते, दुःखाची घाई करू नका.

जपून करायच्या दोन गोष्टी आहेत, त्या लपवत नाही. पहिली म्हणजे रंग. पूररेषा म्हणून निळा आणि लाल रंग वापरू नका. जलसंपदा खात्याच्या नकाशात निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, जिच्या आत बांधकाम निषिद्ध, आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, जिच्या आत बांधकामावर निर्बंध. तुमची रेषा आठवणीची आहे. ती सरकारी रेषा आहे असा समज झाला तर उद्या कुणाचं घरकर्ज अडेल, कुणाच्या प्लॉटचा भाव पडेल, आणि सगळं काम एका दिवसात पुसलं जाईल. पिवळा घ्या, काळा घ्या. भिंतीच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहा की ही गावकऱ्यांच्या सांगण्यावरून काढलेली खूण आहे. दुसरी गोष्ट, घरांवरच्या खुणा. त्या घरमालकाच्या आणि तिथे राहणाऱ्याच्या, दोघांच्याही संमतीशिवाय करायच्या नाहीत. भरपाईच्या पंचनाम्यावरून गावात अजून कुरबुरी असतील. कुणाच्या घरात पाणी किती होतं हा तिथे नाजूक विषय असतो. नावं कुठेच लिहू नका, वस्तू पुरेशा बोलतात.

रंगसाहित्याबद्दल माझं मत ठाम आहे. नदीकाठच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर ऑइलपेंट आणि प्लास्टिक इमल्शन वापरू नका. आतली ओल बाहेर पडायला वाट मागते, वरचा थर ती अडवतो आणि पापुद्रे निघतात. तेच पापुद्रे पाण्यात जातात. चुना ओल बाहेर जाऊ देतो. चुना, गेरू, पिवळी माती, काजळी आणि बांधायला डिंक एवढ्यात सगळी भिंत होते. गोव्यात आणि सिंधुदुर्गात जुन्या देवळांवर कावीची चित्रं आहेत, चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर आणि तो ओला असताना कोरून खालचा पांढरा बाहेर काढलेला. ती पिढ्यान्‌पिढ्या पावसात टिकली आहेत. तुम्हाला तितकं निगुतीचं काम करायची गरज नाही, पण रेषेपुरता तरी कोरीव प्रकार करून बघा. रंग उडाला तरी खाच राहते आणि दृष्टी अधू झालेल्या माणसालाही बोटाने रेषा सापडते. कळीचा चुना मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर फार घातक. आधी पुरेसा मुरवलेला चुना आणा, आणि तो हाताळणाऱ्या मोठ्यांनीही हातमोजे आणि चष्मा घालायचाच. घाटाच्या घडीव काळ्या दगडाला मात्र कुठलाच रंग लावायचा नाही. तिथे खडू किंवा रांगोळी, बस.

चुना दोनतीन पावसाळ्यांत फिका पडतो अशी तक्रार येईल. मला ते हवंच असतं. दर वर्षी चैत्रात भिंतीला पुन्हा हात लावावा लागेल, म्हणजे दर वर्षी कुणीतरी नव्या मुलाला सांगेल की रेषा इथे का आहे. म्हणून साठ हजारांतले निम्मे पहिल्या वर्षी खर्च करा आणि निम्मे पुढच्या दोन वर्षांसाठी वेगळे ठेवा. पहिल्या वर्षीच्या तीस हजारांत रंगावर फारसे जाणार नाहीत. गवंड्याची मजुरी द्या, आणि बचतगटातल्या ज्या बायका मजुरी बुडवून येतात त्यांना त्या दिवसाची मजुरी द्या. सहभाग म्हणजे फुकट असं धरलं की ज्यांना रोज बुडवणं परवडतं तेवढेच येतात आणि पुरात सगळ्यात जास्त सोसलेली घरं गळतात. या एका गोष्टीवर मी कधीच तडजोड करत नाही.

कुणी म्हणेल, यात कला कुठे आली? त्यांना छत्तीसगडमधल्या कोंडागावचं काम सांगा. मुंबईच्या चित्रकार नवज्योत अल्ताफ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर काम करत आल्या. त्यांतलं एक म्हणजे नळपार, हातपंपाभोवतीची जागा. बायकांशी बोलून त्यांनी तिथे असे कट्टे केले की भरलेलं भांडं आधी मधल्या उंचीवर ठेवावं आणि मग डोक्यावर घ्यावं. सांडपाण्याचीही सोय केली. शिल्प आणि पाणवठा यांत फरकच राहिला नाही. तुमची भिंतही अशीच वापरात राहणारी होऊ दे.

थुंकण्याचं राहिलं. देवादिकांच्या टाइल्स लावणं मला पटत नाही, भीतीने राखलेली भिंत आपली होत नाही. ज्या भिंतीवर माणसांच्या घरातल्या वस्तू त्यांच्याच हाताने काढलेल्या होत्या, तिथे मला थुंकणं पुष्कळ कमी झालेलं दिसलं, कारण शेजारची बाई लगेच ओरडते, "माझं घर आहे ते." पण एसटी स्टँडजवळच्या एका भिंतीवर हेही चाललं नाही. तिथे थांबणारी माणसं गावची नव्हती. अशा ठिकाणी नळ, कचरापेटी आणि दर आठवड्याला भिंत पुसणारं माणूस लागतं, चित्राने ते काम होत नाही. तुमच्या भिंतीच्या कोणत्या टोकाला परगावची माणसं थांबतात ते बघा आणि त्या टोकाला चित्र न करता नळ मागून घ्या. खालचा दीड फूट पट्टा नुसता गेरूचा ठेवा, म्हणजे पुन्हा सारवता येतो.

थोडक्यात क्रम असा: दिवाळीत मातीचं गाव, थंडीत घरोघरी खुणा, चैत्रात चुना आणि रेषा, आणि पुढच्या ५ जूनला उद्घाटनाऐवजी भिंतीसमोर उभं राहून आकडे मोठ्याने वाचणं, पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर. त्या दिवशी किती लोक आले हे मोजू नका. जुलैत पुलाजवळ पाणी वाढल्याची बातमी आली की कोण भिंतीपाशी येऊन बघतं, तेवढं पाहा.

सुरुवात मात्र दिवाळीपर्यंत थांबवू नका. या रविवारी एक पाण्याची नळी आणि खडू घेऊन भिंतीच्या सगळ्यात जवळच्या घरात जा, तिथल्या वयाने मोठ्या बाईंना विचारा, आणि त्यांनी दाखवलेली उंची भिंतीवर आणून बघा. रेषा भिंतीवर बसते की भिंतीच्या वर जाते, ते मला कळवा. पुढचं त्यावर ठरवता येईल.